सुपरहिरो आणि सायन्स फिक्शन सिनेमे बघताना तुमच्या डोक्यात कोणते वेडगळ प्रश्न येतात?

माणूस उडतो, भिंतीवर चढतो, चिडला की हिरवा होऊन फुगतो, यातलं मला काहीही खटकत नाही. तिकिटाचे पैसे त्याचेच मोजलेले असतात. पण मी ठाण्यातल्या एका हाउसिंग सोसायटीची सेक्रेटरी आहे, त्यामुळे माझं घोडं अडतं ते नंतरच्या कागदपत्रांवर. (ॲव्हेंजर्सचे 'इन्फिनिटी वॉर' आणि 'एंडगेम' हे दोन सिनेमे अजून पाहिले नसतील तर पुढचं वाचू नका. २०१९ पासून वेळ होता, पण असो.)

'इन्फिनिटी वॉर'मध्ये थॅनोस नावाचा जांभळा खलनायक चुटकी वाजवतो आणि विश्वातले निम्मे जीव राख होऊन उडून जातात. थिएटरात शेजारची मुलगी मुसमुसत होती आणि मी हिशेब करत होते, की आता मेंटेनन्स कोण भरणार? सर्वसाधारण सभेची मात्र काळजी नव्हती. आमच्याकडे गणपूर्ती, म्हणजे कोरम, कधीच होत नाही. अर्धा तास सभा तहकूब करायची आणि त्याच जागी पुन्हा घ्यायची, हे नियमातच बसतं. निम्मे सभासद नाहीसे झालेत हे इतिवृत्त वाचून कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

खरा घोळ 'एंडगेम'मध्ये होतो. पाच वर्षांनी सगळे परत येतात, आणि जिथून गेले तिथेच उगवतात. आता पाच वर्षं हा आकडा बघा. आपल्याकडे तेव्हा लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या कलम १०८ प्रमाणे, ज्याची सात वर्षं खबरबात नाही तो मेला असं धरता येतं. म्हणजे सिनेमातले ते कोट्यवधी लोक भारतात कायद्याने जिवंतच राहिले असते. अमेरिकेत त्यांच्या नावांची स्मारकं उभी राहिली. स्कॉट लँगला, म्हणजे अँट-मॅनला, तर दगडावर स्वतःचंच नाव सापडतं. इथे वारस फ्लॅट नावावर करायला आले असते आणि मी म्हटलं असतं, आधी मृत्यूचा दाखला आणा. आमच्या डोळ्यांदेखत राख झाली, असं ते शपथेवर सांगतीलही. पण दाखल्यावर मृत्यूचं कारण काय लिहिणार? चुटकी?

मग एका सकाळी हल्क उलट चुटकी वाजवतो आणि ३०४ नंबरचे काका त्यांच्या हॉलमध्ये प्रकट होतात. हॉलमध्ये भाडेकरूंच्या मुलीचा साखरपुडा चाललेला. हे सिनेमे काढणाऱ्या मार्व्हलला हा प्रश्न पडलाच नाही असं नाही. 'फार फ्रॉम होम'मध्ये स्पायडरमॅनची मे काकू सांगते, की ती परत उगवली तेव्हा तिच्या घरात दुसरंच कुटुंब राहत होतं आणि त्या घरातल्या आजीला ती भूत वाटली. बस, दोन वाक्यांत विषय संपवला! मला यावर तीन तासांचा सिनेमा हवा होता. काका आधी खाली जाऊन आपलं पार्किंग बघतील. तिथे दुसऱ्याची स्कूटर. मग माझ्याकडे येतील, आणि मी त्यांच्या हातात पाच वर्षांच्या थकबाकीचं बिल ठेवीन. त्यावर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावायची सोय उपविधीत आहे. "अहो, मी अस्तित्वातच नव्हतो!" असा अर्ज त्यांनी केला, तर तो कुठल्या उपविधीखाली घ्यायचा, हे मला अजून सुचलेलं नाही.

आमच्या सासऱ्यांची चिंता वेगळी. दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यामुळे ते मला म्हणाले, "पाच नोव्हेंबर हुकले ना गं त्यांचे."

थॅनोसचा मुद्दा मात्र त्यांनीच निकालात काढला. त्याचं म्हणणं असं, की तोंडं निम्मी झाली की खायला सगळ्यांना पुरेल. २०१८ मध्ये जगाची लोकसंख्या ७६० कोटींच्या आसपास होती. निम्मे गेले की उरतात ३८० कोटी. आणि जगात एवढी माणसं साधारण कधी होती, तर १९७२ च्या सुमारास! सासरे नगर जिल्ह्यातले. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून सुकडी खाल्लेला माणूस हा. मी आकडा सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "त्या जांभळ्याला सांग, तेव्हाही पुरत नव्हतं." सहा रत्नं गोळा करायला गडी सगळं विश्व पालथं घालतो, पोटच्यासारखी वाढवलेली मुलगी कड्यावरून ढकलतो, आणि नगरच्या एका म्हाताऱ्याला विचारायला त्याला वेळ मिळत नाही.

बाकीच्या सिनेमांचं थोडक्यात सांगते. 'अँट-मॅन'मध्ये माणूस लहान होतो तो अणूंमधलं अंतर कमी झाल्यामुळे, असं सांगतात. ठीक आहे, पण मग वजन तेवढंच राहायला हवं. तरी हा बाप्या मुंगीच्या पाठीवर बसून हिंडतो, आणि म्हातारा हँक पिम किल्ल्यांच्या जुडग्याला अख्खा रणगाडा अडकवून फिरतो. आमच्या लिफ्टमध्ये 'आठ माणसं, ५४४ किलो' अशी पाटी आहे. पिमकाका आले तर त्यांना मी जिन्याने पाठवणार.

'इंटरस्टेलर'ला मी नावं ठेवत नाही. त्यातलं कृष्णविवर किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून काढलेलं आहे आणि त्या माणसाला २०१७ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, हेही मी मान्य केलं. पण वर यानात एकटा रोमिली २३ वर्षं वाट बघतो, आणि खाली ग्रहावर गेलेले दोघं परत आल्यावर शांतपणे बोलतो! आमच्याकडे प्लंबर दोन तास उशिरा आला, तर त्याला याहून जास्त ऐकावं लागतं.

राहता राहिला आपला 'मिस्टर इंडिया'. लाल प्रकाशात तो दिसतो, ही युक्ती झकासच. पण अदृश्य माणसाला स्वतःला काहीच दिसणार नाही, कारण डोळ्यातल्या पडद्यावर प्रकाश अडला तरच आपल्याला दिसतं, आणि पडदा प्रकाश अडवायला लागला की तो इतरांना दिसणार. म्हणजे एकतर अनिल कपूर सबंध सिनेमाभर आंधळा, नाहीतर हवेत तरंगणारे दोन छोटे ठिपके. हे मी एकदा घरात बोलून दाखवलं. तेव्हापासून टीव्हीवर 'मिस्टर इंडिया' लागला की मला भाजी आणायला पाठवतात.