गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर...

जुन्या सिरीज लँड रोव्हरचा गिअरबॉक्स खालून ओढायच्या भानगडीत पडू नका. फ्लोअर आणि सीटबॉक्स (सीटखालची पेटी) काढून केबिनमधूनच वर घ्या. ट्रान्सफर केससकट (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) ते धूड जड असतं, हॉइस्ट (वजन उचलायचं यंत्र) हवाच. इंजिनालाही मागून टेकू द्या.

बॉक्स बाहेर आहे तोवर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं), स्पिगॉट बुश (क्रँकच्या टोकात बसून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला आधार देणारं), क्रँकचं मागचं ऑइल सील सगळं तपासा. इथे काटकसर केली की पुन्हा सगळं उतरवणं आलं!

बसवताना क्लच प्लेट अलाइनमेंट टूलने मध्यावर आणा. शेवटी बॉक्स अडला तर बोल्ट आवळून अजिबात ओढू नका. गिअरमध्ये टाकून आउटपुट फ्लँज (ताकद बाहेर नेणारी चकती) जरा फिरवा, स्प्लाइन म्हणजे शाफ्टवरचे आणि क्लच प्लेटमधले दाते जुळतात. तोवर वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नका. तेल मात्र मॅन्युअलप्रमाणेच; काही जीएल-५ दर्जाची गिअर तेलं पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) मानवत नाहीत.