नोकरी सांभाळून मार्केटिंगची फ्रीलान्स कामं: तुमचे प्रश्न

हिंजवडीला आयटीत आहे, शनिवार-रविवार दोन-तीन दुकानांचं इन्स्टाग्राम बघायचा विचार आहे. कंपनीला सांगू का? (पुणे)

आधी अपॉइंटमेंट लेटर काढा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा, बाहेरच्या कामाबद्दल एखादं कलम बहुतेक असतंच. २०२२ मध्ये विप्रोने ३०० जणांना काढलं ते आठवत असेल, तेव्हा ते लोक प्रतिस्पर्धी कंपन्यांचं काम करत होते असं कंपनीचं म्हणणं होतं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत इन्फोसिसने मॅनेजर आणि एचआरची परवानगी घेऊन, कंपनीशी स्पर्धा होत नसेल तर बाहेरची कामं करायला मुभा दिली. म्हणून लपवू नका, विचारा, आणि चहाच्या टपरीवर नाही तर मेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर क्लायंटची एक पोस्टसुद्धा बनवू नका. आणि कंपनीचे क्लायंट सोडून द्या, ते आपले नाहीत.

सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. बायकोच्या नावाने चालू केलं तर? (जालना)

ती खरंच काम करणार असेल तर तिचा धंदा म्हणून जरूर करा, पण तशी कल्पना ऑफिसला लेखी देऊन ठेवा. नाव तिचं आणि काम तुमचं असं असेल तर नको. वर्तणूक नियमांप्रमाणे खासगी धंद्याला आधी मंजुरी लागते, आणि चौकशी लागली तर सगळं घर हलतं हो.

पहिल्या वर्षीच जीएसटी नंबर काढावा लागेल का? (कोल्हापूर)

सेवेच्या कामात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नाही. इन्कम टॅक्स मात्र आहेच, पगारासोबत हे उत्पन्न आलं की आयटीआर-१ हा पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म चालत नाही. टीडीएस, म्हणजे आधीच कापला गेलेला टॅक्स, वजा जाऊन वर्षाचा टॅक्स १० हजार किंवा जास्त निघत असेल तर ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे त्याच वर्षात हप्त्यांनी आगाऊ टॅक्स भरायचा, पहिला हप्ता १५ जूनपर्यंत. वेगळं बँक खातं उघडा, सीएकडे एकदा जाऊन या.

मावसभावाचं मिठाईचं दुकान आहे, तो म्हणतो दिवाळीच्या जाहिराती तुझ्या कार्डवरून चालव, नंतर देतो. किती पैसे मागू? (सांगली)

कार्ड देऊ नका, अगदी सख्खा भाऊ असला तरी. मी हे केलंय. एका चष्म्याच्या दुकानासाठी माझ्या क्रेडिट कार्डवरून १४ हजारांच्या जाहिराती लावल्या, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे १६,५२० गेले, आणि ते पैसे मला होळीला मिळाले, मधले हप्ते पगारातून भरले, घरात बोलणी खाल्ली ती वेगळीच. जाहिरातीचं खातं दुकानाच्या नावाचं, कार्ड त्याचं, तुम्हाला फक्त काम करण्यापुरता ॲक्सेस. गूगलवरच्या दुकानाच्या प्रोफाइलचंही तसंच, मालक तो, तुम्ही मॅनेजर.

किती मागायचे म्हणाल तर तास मोजा. आधी त्याच्या दुकानात एक संध्याकाळ उभे रहा, लोक काय विचारतात ते ऐका. गूगलवर दुकान रात्री ९ ला बंद दिसतंय आणि तो साडेदहापर्यंत काउंटरवर आहे, जुना बंद पडलेला फोन नंबर तसाच आहे, पेढ्याचा फोटो तीन वर्षांपूर्वीचा, असलं बरंच सापडेल आणि ते नीट करायला जाहिरातीचा एक रुपया लागत नाही. तेवढंच पहिल्या महिन्याचं काम ठरवा, रक्कम ठरवा, अर्धी आधी घ्या, आणि व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा की महिन्याला आठ पोस्ट, दोन रील, फोन संध्याकाळी ७ नंतर. तो "ठीक आहे" लिहील, तेवढा मेसेज जपून ठेवा. मावसभाऊ आहे म्हणून हे लिहायला संकोच वाटेल, पण नात्यासाठीच लिहायचं असतं ते.