‘लायब्ररी लोड होईना’, म्हणजे नेमकं काय होईना?

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांतून डिप्लोमाला आलेल्या मुलांना बेळगावात शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. ‘डायनॅमिक लिंकर शेअर्ड लायब्ररी रन टाइमला लोड करतो’ हे वाक्य मुलांना मराठीत कसं सांगावं? ‘गतिशील दुवासाधक सामायिक ग्रंथालय भारित करतो’ असं त्यांनी फळ्यावर लिहून पाहिलं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं, पण कळलं कुणालाच नाही. शिवाय मुलं आपसात ‘लायब्ररी लोड होईना’ म्हणतात, ते बरोबर का, असंही त्यांनी विचारलं आहे.

आधी हा शेवटचा प्रश्न घेतो, कारण खरी गोम तिथं आहे. ‘लोड होईना’ हे मराठी म्हणून अगदी चोख आहे. गाडी सुरू होईना, पाऊस थांबेना, तसंच हे. अडचण एवढीच की या रचनेत काम करणारा दिसत नाही. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रामांना वापरता येईल असा तयार कोड. ती आपोआप कधीच लोड होत नाही, तिला कुणीतरी आणतं. आणि तो कोण, हे मुलांना कळलं की बाकीचे शब्द शोधणं सोपं जातं.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर काय घडतं ते पाहू. तुम्ही प्रोग्राम चालू केला की कर्नल, म्हणजे त्या सिस्टिमचा गाभा, त्याची फाईल मेमरीत मांडतो. (‘मॅप करणे’ला ‘मांडणे’ हे क्रियापद मला फार आवडतं. पट मांडतात, तसा हा मेमरीतल्या पत्त्यांचा हिशेब लावून ठेवायचा असतो.) त्या फाईलच्या सुरुवातीच्या माहितीत एका मदतनिसाचा पत्ता लिहिलेला असतो. इंटेल-एएमडीच्या ६४ बिटी यंत्रांवर तो असतो ‘लिब६४’ या फोल्डरातल्या ‘एलडी-लिनक्स’ने सुरू होणाऱ्या फाईलचा. कर्नल तीही मांडतो आणि सूत्रं प्रोग्रामच्या हाती न देता आधी या मदतनिसाच्या हाती देतो. हाच आपला डायनॅमिक लिंकर. प्रोग्रामला कोणत्या लायब्ऱ्या लागतात याची यादी त्या फाईलमध्येच असते. ती तो वाचतो, एकेक लायब्ररी शोधून मांडतो, तिची स्वतःची यादी असेल तर तीही पुरी करतो, पत्ते जुळवतो, लायब्ऱ्यांची सुरुवातीची तयारी करून घेतो आणि मगच प्रोग्रामच्या पहिल्या ओळीला वाट मोकळी करून देतो. ‘मेन’ हे प्रोग्रामचं मुख्य फंक्शन सुरू होण्याआधी एवढं सगळं उरकलेलं असतं.

गंमत म्हणजे फाईलमधल्या त्या नोंदीचं अधिकृत नाव ‘इंटरप्रिटर’ आहे. कोश उघडून कुणी त्याला दुभाषा म्हणेल. बेळगावात दुभाषे घरोघरी आहेत, पण हा मदतनीस काहीच भाषांतरित करत नाही, तेव्हा तो शब्द नको.

मग त्याला म्हणावं काय? मी ‘जोडारी’ सुचवतो. हा शब्द घडवावा लागत नाही. आयटीआयच्या मराठी यादीत फिटरला जोडारी, टर्नरला कातारी हेच शब्द आहेत. उद्यमबागेच्या कारखान्यांत सगळे फिटरच म्हणतात हे खरं, पण तिथलं काम मुलांनी पाहिलेलं असतं: फिटर स्वतः भाग ओतत नाही की कातत नाही, दुसरीकडे तयार झालेले भाग जागेवर आणून बसवतो. लिंकरही स्वतः कोड लिहीत नाही आणि तो कंपाईलही, म्हणजे यंत्राच्या भाषेत रूपांतरितही, करत नाही. ‘दुवासाधक’मधला दुवा वेबपानावरच्या लिंकला ठीक आहे, इथे तो कामाची कल्पना देत नाही. तुमच्या वर्गातल्या कन्नड मुलांसाठी लिंक म्हणजे ‘कोंडी’ आणि मराठीत कोंडी म्हणजे बरोबर उलट, वाट बंद होणं. दोन्ही भाषांची मुलं एकाच बाकावर बसतात तिथे अशा शब्दांची आधीच फोड करून सांगितलेली बरी.

‘गतिशील’ मात्र मी पुसून टाकीन. इथे कशालाही गती नाही. डायनॅमिक हा शब्द इथे जोडणी कधी होते ते सांगतो. प्रोग्राम तयार होतानाच लायब्ररीचा कोड त्यात घालून टाकला तर तो आधीच जोडलेला, म्हणजे स्टॅटिक. चालू करायची वेळ आली तेव्हा जोडला तर डायनॅमिक. म्हणून ‘ऐनवेळचा जोडारी’. ‘ऐनवेळी’ला थोडा धांदलीचा वास आहे हे मान्य, पण ‘ऐन’मधला नेमकेपणा मला इथे हवा आहे.

‘रन टाइम’बद्दल तर मराठी मुलांना एक फायदाच आहे. आपण ‘चालू होताना’ आणि ‘चालू असताना’ असा फरक सहज करतो. वर सांगितलेलं सगळं चालू होतानाचं. पण प्रोग्राम मध्येच, चालू असताना, ‘डीएलओपन’ या फंक्शननं एखादी लायब्ररी मागवू शकतो आणि ‘डीएलसिम’नं तिच्यातलं हवं ते नाव मिळवू शकतो. प्लगइन, म्हणजे प्रोग्रामला मागाहून जोडायचे जादा भाग, असेच येतात. इंग्रजीत दोन्हींना रन टाइमच म्हणतात आणि मुलांचा गोंधळ तिथंच होतो. तुम्ही ही दोन क्रियारूपं वेगळी ठेवा.

‘सामायिक’ऐवजी ‘सामाईक’ लिहा. कोश दोन्ही रूपं देतात, पण निपाणी-चिकोडीकडच्या जैन घरांतल्या मुलांना सामायिक म्हणजे दोन घटका, ४८ मिनिटं, समभावानं बसणं. सामाईक हा शब्द जमिनीच्या कागदांतून, सामाईक विहिरीच्या व्यवहारातून सगळ्यांना माहीत आहे. अर्थही बसतो: लायब्ररीच्या कोडची पानं मेमरीत एकदाच येतात आणि ती वापरणारे सगळे प्रोग्राम तीच वाचतात. त्यांत कुणाला परस्पर बदल करता येत नाही. बदलणारा डेटा मात्र ज्याचा त्याचा वेगळा. कुणी डेटाच्या पानावर लिहायला गेलं की कर्नल त्याला स्वतंत्र प्रत काढून देतो. ‘ग्रंथालय’ नको, ‘लायब्ररी’च ठेवा. पुस्तकांच्या जागेला बेळगावात वाचनालय हा शब्द रुळलेला आहे, तेव्हा टक्कर होत नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा शब्द, हुडकणे. पुण्याकडे ‘शोधणे’ म्हणतात. बेळगाव-कोल्हापूरकडे हुडकतात आणि शेजारी कन्नडमध्ये ‘हुडुकु’ आहेच. मुलं वहीत हा शब्द लिहायला कचरत असतील तर तुम्ही आवर्जून लिहायला लावा, कारण जोडारी जे करतो ते हुडकणंच आहे. शोधात नवं काही सापडण्याचा अर्थ येतो, म्हणून गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला म्हणतो. हुडकणं म्हणजे ठरलेल्या जागा एकामागून एक पाहत जाणं. जोडाऱ्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. आधी ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या चलात (व्हेरिएबलमध्ये) कुणी जागा सांगितल्या असतील तर त्या, मग फाईलमध्येच ‘रनपाथ’ म्हणून लिहिलेल्या, मग ‘एलडीकॉन्फिग’ या आज्ञेनं तयार करून ठेवलेली यादी, आणि शेवटी ‘लिब’ व ‘यूएसआर-लिब’ हे नेहमीचे फोल्डर. (‘आरपाथ’ नावाची जुनी नोंद असेल आणि रनपाथ नसेल, तर ती सगळ्यांच्या आधी.) पहिल्यांदा जी योग्य फाईल सापडेल ती घेतली जाते, पुढे पाहिलं जात नाही. म्हणूनच त्या चलात चुकीची जागा लिहून ठेवली की भलतीच लायब्ररी येते. दुसऱ्याच्या अधिकारानं चालणाऱ्या सेटयूआयडी प्रोग्रामांसाठी तर सुरक्षिततेपायी ते चल विचारातच घेतलं जात नाही.

आणि आता ‘लोड होईना’कडे परत. या एका तक्रारीत तीन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि मराठीत तिन्हींना आपापली क्रियापदं आहेत: सापडेना, बसेना, जुळेना.

सापडेना म्हणजे सगळ्या जागा हुडकूनही त्या नावाची फाईल मिळाली नाही. पुष्कळदा ती यंत्रावर असते, फक्त नवी ठेवल्यावर एलडीकॉन्फिग चालवून यादी ताजी केलेली नसते. बसेना म्हणजे फाईल मिळाली, पण हवी त्या आवृत्तीची नाही. मुलानं घरच्या नव्या उबुंटू २२.०४ वर प्रोग्राम तयार केला आणि प्रयोगशाळेतल्या २०.०४ वर आणला की हे हमखास होतं. नव्यात ग्लिबसी (जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी सी भाषेची लायब्ररी) २.३५ आहे, जुन्यात २.३१. जुनं यंत्र ‘ग्लिबसी २.३४ सापडत नाही’ असा संदेश देतं. त्यात ‘सापडत नाही’ असलं तरी फाईल तिथे आहे, ती बसत नाही. तेव्हा फाईल हुडकत बसण्यात अर्थ नाही, प्रोग्राम जुन्या यंत्रावर पुन्हा कंपाईल करावा.

जुळेना ही तक्रार सगळ्यात फसवी. लायब्ररी आली, आवृत्तीही चालली, पण प्रोग्रामला हवं असलेलं एखादं फंक्शनचं नाव कुठल्याच लायब्ररीत नाही. ही तक्रार कधी कधी प्रोग्राम निम्मा चालून झाल्यावर येते, आणि मुलं म्हणतात, ‘आत्तापर्यंत चालत होता की!’ त्याचं कारण लेझी बाइंडिंग. बाहेरच्या फंक्शनला हाक एका तक्त्यातून जाते. पहिल्या हाकेला तक्त्यातली नोंद जोडाऱ्याकडेच वळवते, तो नाव हुडकून खरा पत्ता तिथे लिहितो आणि पुढच्या हाका थेट जातात. हाकच आली नाही तर नाव जुळतं का हे तपासलंही जात नाही. याला ‘आळशी बांधणी’ म्हणू नका. ‘गरजेला जोडणी’ म्हणा. आजकाल बऱ्याच लिनक्स वितरणांत सुरक्षिततेसाठी सगळा तक्ता सुरुवातीलाच भरून त्यावर पुन्हा लिहिता येणार नाही असा करून टाकतात. तिथे ही तक्रार आरंभीच येते.

ही पद्धत जुनी आहे. १९६०च्या दशकात मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती होती, युनिक्स या लिनक्सच्या पूर्वजाच्या घराण्यात सनओएस ४.० नं १९८८ साली आणली. तेव्हापासून मराठीत तिच्यासाठी वाक्य नसावं याचं मला वाईट वाटतं, म्हणून माझं हे असं: ‘प्रोग्राम चालू होताना ऐनवेळचा जोडारी त्याला लागणाऱ्या सामाईक लायब्ऱ्या हुडकून मेमरीत मांडतो आणि त्यांतली नावं प्रोग्रामशी जोडतो.’ फळ्यावर ते लिहिल्यावर मुलांना ‘एलडी_डीबग’ या चलात ‘लिब्स’ असं लिहून एखादा साधा प्रोग्राम चालवायला सांगा. जोडारी कुठल्या लायब्ररीसाठी कुठकुठली जागा पाहतो ते पडद्यावर ओळीओळीनं येईल.