चिंच चिंचेच्याच नावावर करता येईल का?

प्रश्न: काका, आमच्या बांधावर आजेसासऱ्यांनी लावलेली चिंच आहे, बुंधा दोघांच्या कवेत मावत नाही. आता वाटण्या चालल्यात आणि धाकटे दीर म्हणतात उभं झाड वखारीला देऊन टाकू, पैसे निम्मे निम्मे. मोबाईलवर वाचलं की अमेरिकेत एक झाड स्वतःच स्वतःचं मालक आहे. आपल्याकडं सातबाऱ्यावर चिंचेचंच नाव लागतं का?
– एक वाचक, औसा तालुका

उत्तर: ताई, सरळ सांगतो, नाही लागत. तलाठी आधी चिंचेचं आधार कार्ड मागंल.

तुम्ही वाचलं ते झाड म्हणजे जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावचा पांढरा ओक. कुण्या कर्नल जॅक्सननं ते झाड अन् भोवतालची आठ फूट जमीन झाडालाच देऊन टाकली अशी गोष्ट 1890 ला तिथल्या पेपरात आली, पण दानपत्र काही कुणाला सापडलेलं नाही, आणि झाडाला मालमत्ता घेता येते असं तिथला कायदाही म्हणत नाही. 1942 ला ओक पडला, तर लोकांनी त्याच्याच बीचं रोप 1946 ला तिथंच लावलं अन् जागा झाडाचीच म्हणून आजपर्यंत सोडली. कागदाचा पत्ता नाही, पण गाव मागं उभं राहिलं म्हणून जमलं.

आपल्याकडं 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्यात देणारा-घेणारा माणूस लागतो, कंपनी सुद्धा चालते, झाड नाही चालत. उत्तराखंड हायकोर्टानं 2017 च्या मार्चमधी गंगा-यमुनेला कायदेशीर व्यक्ती ठरवलं होतं, तर सरकारच सुप्रीम कोर्टात गेलं की पुरात नुकसान झालं तर भरपाई कुणाकडून मागायची, आणि जुलैत स्थगिती आली.

आता तुम्ही म्हणाल देवाच्या नावावर जमीन असते की. असते, देव कायद्यानं व्यक्ती धरलाय. पण आपल्या मराठवाड्यातल्या देवस्थान इनामाच्या जमिनी बघा ना, कितीतरी ठिकाणी सातबाऱ्यावर देव अन् कसणारा भलताच, कुठं तर परस्पर प्लॉट पाडून विकल्या, कारण देव काही तारखेला तहसीलला जात नाही. चिंचेचं नाव लागलं असतं तरी हेच झालं असतं. बीडजवळ पालवणला 2020 मधी वृक्ष संमेलन भरलं, त्याचा अध्यक्ष वडाचं झाड होतं, मला तर लई आवडलं होतं ते, पण खुर्ची मिळाली म्हणून सातबारा मिळत नाही. झाडाला मालकीहक्कापेक्षा भांडणारं माणूस पाहिजे आणि ते तुमच्या घरात तुम्ही दिसताय.

म्हणून हे करा. चिंच 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, म्हणजे स्वतःच्या रानातली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, वखारवाला गाडी घेऊन आला तर परवानगीचा कागद दाखव म्हणायचं. दुसरं, वाटणीपत्रात स्पष्ट लिहून घ्या की झाड सामाईक, फळ निम्मं निम्मं, दोघांच्या सहीशिवाय तोडायचं नाही, आणि वाटणीपत्र रजिस्टर करून सातबाऱ्यावर झाडाची नोंद आहे का ते बघा, नसली तर अर्ज द्या. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत पण घालायला लावा, त्यानं मालकी मिळत नाही पण गावाच्या कागदावर झाड येतं.

दिरांना हिशोबाचं पण बोला. वखारवाला एकदाच पैसे देणार, बुंध्यातून खाटकाचे ठोकळे काढणार, फांद्या जळणाला घालणार, विषय संपला. चिंचेचा व्यापारी मात्र बार बघून दरवर्षी झाड मक्त्यानं घेतो, झोडपायचा खर्च पण त्याचाच असतो बहुतेक, वर चिंच फोडायला गावातल्या बायांना उन्हाळाभर काम. एवढं सांगूनही ते सही करत नसले तर थांबू नका, वृक्ष अधिकाऱ्याकडं आत्ताच लेखी हरकत द्या आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.