हेंडेलवर तलवार उपसणारा योहान माटेझोन नक्की कोण होता?

तुम्ही विचारलंय, अठराव्या शतकातला प्रसिद्ध जर्मन संगीतकार हेंडेल याच्या चरित्रात द्वंद्वयुद्धापुरता डोकावणारा हा माणूस संगीतकार होता की नुसताच टीकाकार? दोन्ही, आणि त्याआधी गायक. १६८१ साली हॅम्बुर्गमध्ये जन्मला, पोरवयातच तिथल्या ऑपेरात गाऊ लागला, पुढे स्वतःच ऑपेरा रचू लागला.

आधी ते द्वंद्वयुद्ध. ५ डिसेंबर १७०४, माटेझोनच्या 'क्लिओपात्रा'चा प्रयोग. त्यात अँटनीची भूमिका करणारा तोच, त्यामुळे तो रंगमंचावर असेपर्यंत हार्पसिकॉर्डवर (पियानोच्या आधीचं, पट्ट्या दाबून वाजवायचं वाद्य) बसून वादकांना सांभाळायचं काम एकोणीस वर्षांच्या हेंडेलकडे. अँटनी मरतो खेळ संपायच्या अर्धा तास आधी. मेलेला अँटनी आपल्या जागेवर बसायला खाली आला, तर हेंडेल उठेचना! भांडण थेट बाहेरच्या चौकात गेलं, बघे जमले, तलवारी निघाल्या. माटेझोनची तलवार हेंडेलच्या कोटाच्या रुंद धातूच्या बटणावर आपटून मोडली, म्हणून निभावलं. महिना संपायच्या आत दोघं एकत्र जेवले, आणि जानेवारीत हेंडेलच्या पहिल्याच ऑपेरात, 'आल्मिरा'त, मुख्य भूमिका गायली माटेझोननंच.

आता ग्यानबाची मेख अशी, की ही हकीकत आपल्याला कळते ती मुख्यतः खुद्द माटेझोनकडून. तरुण हेंडेलचंच नव्हे, त्या काळच्या जर्मन संगीताचं बरंच चित्र आपण याच्या चष्म्यातून पाहतो. १७४० मध्ये त्यानं १४९ संगीतकारांची चरित्रं छापली. त्यात स्वतःचंही आहे, आणि ते काही आखडतं घेतलेलं नाही. टेलेमान या समकालीन संगीतकारानं आपली माहिती लिहून धाडली. हेंडेलनं दाद दिली नाही. त्याच काळातला संगीतकार बाख, त्याच्यावर तर त्यात प्रकरणच नाही! बाखच्या एका कँटाटात (गायक आणि वादकांसाठीच्या धार्मिक रचनेत) 'मी, मी, मी' असे सुरुवातीलाच वारंवार येणारे शब्द घेऊन माटेझोननं आधीच टर उडवली होती.

पोटापाण्यासाठी तो हॅम्बुर्गमधल्या इंग्लिश राजदूताचा सचिव होता. कॅथीड्रलचं संगीतही सांभाळलं, चर्चमध्ये बायकांना गायला लावलं. पण ऐकू येईनासं झाल्यानं १७२८ मध्ये ते पद सुटलं. त्याचा सर्वांत मोठा ग्रंथ, संगीतप्रमुखाला काय काय यायला हवं ते सांगणारा, त्यानंतरचा, १७३९चा. त्यातला एक विचार मला फार आवडतो: आनंदात जीव फुलतो, म्हणून तो दाखवायला दोन सुरांतलं अंतर मोठं घ्यावं, दुःखात जीव आक्रसतो, तिथे सूर जवळजवळ ठेवावेत. असा हिशेब मांडणारा माणूस कोरडा टीकाकार कसा म्हणायचा?

१७६४ मध्ये तो वारला. हॅम्बुर्गच्या सेंट मायकेल चर्चच्या ऑर्गनसाठी त्यानं ४४,००० मार्क दिले होते. त्याची हस्तलिखितं दुसऱ्या महायुद्धात हॅम्बुर्गमधून गेली ती १९९८ मध्ये आर्मेनियातल्या येरेवानहून परत आली. त्यातच १७१० चा त्याचा ऑपेरा 'बोरिस गोदुनोव' होता, जो त्याच्या हयातीत कधी रंगमंचावर आलाच नाही. पहिला प्रयोग २००५ मध्ये झाला. ऐकायची सुरुवात मात्र त्याच्या १७१४च्या हार्पसिकॉर्ड-रचनांपासून करा, त्या सोप्या पडतील.