विजेचा हिशेब : अंजनवेलचा प्रकल्प आणि तुमचे प्रश्न

परदेशी वीज कंपन्यांबद्दल मागच्या अंकात मी थोडंसं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या कोकणातल्या वीजप्रकल्पाचाच विषय जास्त आहे. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून त्यातलीच चार पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : ताई, मी चिपळूणला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं गाव गुहागर तालुक्यात. एन्रॉनचं नाव निघालं की बाबा म्हणतात, "लुटून नेलं." आमचे सर म्हणतात, प्रकल्प चांगला होता, राजकारणाने वाट लावली. खरं कोणाचं? आणि प्रकल्प अंजनवेलला असताना नाव दाभोळचं कसं?

नावाचं आधी सांगते. दाभोळ वाशिष्ठीच्या खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात. प्रकल्प दक्षिणेला, तुमच्या तालुक्यात, अंजनवेल-वेलदूर-रानवीच्या जमिनीवर. कंपनीने स्थापन करताना 'दाभोळ पॉवर कंपनी' असं नाव घेतलं आणि कागदोपत्री तेच चिकटलं. जमीन मात्र तुमच्या बाजूची गेली. तुझ्या बाबांच्या बोलण्यात राग असेल तर तो मला समजतो.

आता खरं कोणाचं ते. त्यासाठी तुला एका गिरणीवाल्यांची गोष्ट सांगते. मी तालुक्याच्या गावी वीज कार्यालयात बिलाच्या खिडकीत बसायचे. तिथे एक पिठाच्या गिरणीचे मालक यायचे. पट्टा आणि मोटर दोन्ही एकदम गेल्याने त्यांची गिरणी महिनाभर बंद होती, तरी बिल आलं. दाणकन खिडकीवर कागद ठेवून म्हणाले, "बाई, मी पायलीभर दळलं नाही, मग हे पैसे कसले?" मी त्यांना बिलातली 'स्थिर आकार' ही ओळ दाखवली. तुझ्या घरच्या बिलातही ती आहे, बघ. तुम्ही दळा किंवा न दळा, तुमच्यासाठी तार, खांब, ट्रान्सफॉर्मर उभा ठेवलेला असतो. त्याचा तो खर्च. हे त्यांना पटलं. मग मी कागद नीट पाहिला, तर मंजूर भार (एका वेळी किती वीज ओढायची परवानगी, ज्यावर हा आकार ठरायचा) वीस अश्वशक्तीचा. गिरणीला दहा पुरत होती. पुढे मिरची कांडप घालू म्हणून त्यांनी दुप्पट भार मागून ठेवला होता, आणि कांडप काही आलं नव्हतं. मी त्यांच्याकडून भार कमी करण्याचा अर्ज भरून घेतला. पुढच्या महिन्यापासून ते खिडकीशी हसत यायला लागले.

महाराष्ट्राने 8 डिसेंबर 1993 रोजी जो वीजखरेदी करार केला, त्यात ही दोन्ही कलमं होती. एक म्हणजे स्थिर आकार, आणि दुसरं म्हणजे गरजेपेक्षा मोठा मंजूर भार. फरक एवढाच की वीस वर्षं भार कमी करण्याचा अर्ज करता येणार नव्हता.

थोडं मागे जाऊ. 1991 मध्ये परकीय चलनाची तिजोरी रिकामी झाली, राज्यांच्या वीज मंडळांकडे नवी केंद्रं बांधायला पैसा नव्हता, आणि केंद्राने वीजनिर्मिती खासगी व परदेशी कंपन्यांना खुली केली. भागभांडवलावर 16 टक्के परतावा मिळेल असं आश्वासन होतं. जून 1992 मध्ये एन्रॉनची माणसं आली आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा निघाल्याच नाहीत. घरात पंखा घ्यायचा तरी आपण दोन दुकानं फिरतो. इथे पिढीभराची खरेदी एकाच दुकानात झाली. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे, पुढचं सगळं त्यातून आलं.

कंपनीत एन्रॉनचा वाटा 80 टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी 10 टक्के. म्हणजे यंत्रं विकणारा आणि बांधकाम करणारा, दोघेही मालकांतच. एप्रिल 1993 मध्ये जागतिक बँकेने कर्ज द्यायला नकार दिला. कारण असं की प्रकल्प राज्याच्या मागणीच्या मानाने फार मोठा आहे, आणि त्याची महाग वीज उचलायची तर स्वस्त कोळशाची केंद्रं मंदावावी लागतील. पुण्यातल्या प्रयास गटाने, गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पुढे आकडेमोड करून हेच दाखवलं. ही माणसं परदेशी कंपनीच्या विरोधात म्हणून बोलत नव्हती, कागद वाचून बोलत होती. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

तू कॉमर्सची आहेस, तर हिशेब करूनच बघ. पहिला टप्पा 740 मेगावॅटचा. 90 टक्के क्षमतेने महिनाभर चालला तर साधारण 48 कोटी युनिट होतात. सोयीसाठी धर की महिन्याचा स्थिर आकार 96 कोटी रुपये आहे (हा आकडा माझा, गणित सोपं व्हावं म्हणून). सगळी वीज घेतली तर युनिटमागे स्थिर आकार दोन रुपये पडतो. मंडळाकडे स्वस्त वीज आहे म्हणून त्याने फक्त 16 कोटी युनिट उचलले, तर तोच आकार युनिटमागे सहा रुपये होतो. इंधनाचा खर्च त्यावर वेगळा. मंडळ जितकी काटकसर करेल तितका दर चढणार. 1993 मध्ये युनिटला 2 रुपये 40 पैसे असं जे सांगितलं गेलं, ते 2000 साली काही महिन्यांत सात रुपयांच्या वर गेलं, ते असं.

यात आणखी दोन गोष्टी मिसळल्या. स्थिर आकाराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. करार झाला तेव्हा डॉलर 31 रुपयांच्या आसपास, 2001 मध्ये 47 च्या घरात. आणि पहिला टप्पा नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर, चालायचा. खनिज तेल भडकलं की नाफ्था भडकतो, आणि करारानुसार ती वाढ जशीच्या तशी मंडळाच्या बिलात येत होती. मागणी कमी पडली तर नुकसान मंडळाचं, रुपया घसरला तर मंडळाचं, तेल चढलं तरी मंडळाचं. कंपनीच्या अंगाला काय लागणार होतं? केंद्र वेळेवर बांधणं आणि चालू स्थितीत ठेवणं, एवढंच.

म्हणून बाबांना सांग, दरोडा घातला असं नाही. जे मिळालं ते सहीच्या जोरावर मिळालं, आणि सही आपल्या बाजूनेही झाली होती. सरांना सांग, राजकारण झालं हे खरं, पण राजकारणाच्या आधीच हिशेब चुकला होता.

प्रश्न : 1995 मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला, मग तोच प्रकल्प परत कसा आला? आमच्या पिढीला हे कधीच कोणी नीट सांगितलं नाही. – नाशिकचे एक वाचक

मार्च 1995 मध्ये युती सत्तेवर आली ती एन्रॉन समुद्रात बुडवण्याची भाषा करतच. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने करार तपासला आणि 3 ऑगस्टला मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द केल्याचं विधानसभेत सांगितलं. कंपनीने लंडनमध्ये लवादाकडे धाव घेतली. नोव्हेंबरमध्ये एन्रॉनच्या रिबेका मार्क मुंबईत बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या, फेरवाटाघाटी सुरू झाल्या, आणि जानेवारी 1996 मध्ये सुधारित प्रकल्पाला मंजुरी मिळाली.

दर उतरवल्याचं जाहीर झालं, ते लोकांच्या लक्षात राहिलं. दुसरी गोष्ट राहिली नाही. एकूण क्षमता 2015 मेगावॅटवरून 2184 मेगावॅट झाली, आणि आधी जो दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे मंडळाच्या मर्जीवर होतं, तो बंधनकारक झाला. गिरणीवाल्यांच्या भाषेत, वीस अश्वशक्तीची तक्रार घेऊन गेलेला माणूस तीसचा भार मंजूर करून घरी आला. भांडण दरावर झालं आणि हरलो आपण क्षमतेवर. करार हातात घेऊन जे कोणी बसतात त्यांनी हा एक प्रसंग तरी बारकाईने अभ्यासावा असं मला फार वाटतं.

पुढचं भराभर झालं. मे 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू, 2000 च्या अखेरीपासून मंडळाची बिलं थकली, एप्रिल 2001 मध्ये माधव गोडबोले समितीने फेररचनेची शिफारस केली, मे अखेर वीजकेंद्र बंद पडलं, आणि डिसेंबर 2001 मध्ये खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. दुसरा टप्पा तेव्हा जवळजवळ बांधून तयार होता. खाऱ्या वाऱ्यात ती यंत्रं काही वर्षं उभी राहिली. 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल या केंद्र सरकारच्या वीज व गॅस कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी उभी केली, परदेशी भागीदारांशी तडजोड झाली. वीजकेंद्र पुन्हा चाललं. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला आणि 2013 नंतर पुन्हा ओढाताण सुरू झाली. नंतर रेल्वेने काही वीज घेतली म्हणून धग राहिली. द्रवरूप गॅसची जहाजं लागायला धक्का बांधून झाला, पण लाटा अडवणारी भिंत अपुरी असल्याने कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागत नसे.

प्रश्न : 'प्रतिहमी' म्हणजे नेमकं काय? – सातारा

मंडळाने बिल भरलं नाही तर राज्य सरकार भरेल, ही हमी. राज्यानेही भरलं नाही तर केंद्र भरेल, ही प्रतिहमी. केंद्राने ती दाभोळच्या पहिल्या टप्प्यापुरती 1994 मध्ये दिली होती आणि 2001 च्या सुरुवातीला कंपनीने ती खरोखर वटवायला काढली. थकबाकीदाराचा जामीनदार, आणि त्या जामीनदाराचा जामीनदार. गावात कोणी दोन-दोन जामीन मागायला लागला तर आपण विचारतो ना, की बाबा, धंद्यावर तुझा स्वतःचा विश्वास का नाही?

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यात आमची सहा एकर माळरान जमीन आहे. सौर प्रकल्पासाठी भाड्याने मागायला एक कंपनी आली आहे. तिच्यामागे परदेशी पैसा आहे म्हणतात. भाऊ म्हणतो, "पुन्हा एन्रॉन नको." द्यावी का?

भावाची भीती मी खोटी म्हणणार नाही. पण ती योग्य जागी लावू या.

सौर प्रकल्पाचा करार दाभोळसारखा नसतो. तिथे साधारणपणे जेवढे युनिट तयार होऊन वाहिनीत गेले तेवढ्याचेच पैसे मिळतात, रुपयांत, आणि दर बहुधा 25 वर्षांसाठी ठरलेला. इंधन सूर्याचं, त्यामुळे तेल चढण्याचा प्रश्न नाही. रुपया घसरला तर ते नुकसान कंपनीचं. शिवाय लिलाव होतो, कमी दर सांगणाऱ्याला काम मिळतं. मे 2017 मध्ये राजस्थानातल्या भडला इथे बोली युनिटला 2 रुपये 44 पैशांपर्यंत उतरली. तिथल्या विजेत्यांत जपानच्या सॉफ्टबँकेचा पैसा असलेली कंपनीही होती. म्हणजे परदेशी पैसा येऊन वीज स्वस्त होऊ शकते. अट एवढीच, की त्याला रांगेत उभं राहायला लावलं पाहिजे.

वीज घेणाऱ्याच्या दृष्टीने हे बरं आहे. तुम्ही मात्र वीज घेणारे नाही, जमीन देणारे आहात. तुमचा धोका वेगळा आहे.

मालक बदलतात हे पहिलं लक्षात घ्या. सॉफ्टबँकेने 2021 मध्ये भारतातला तो व्यवसाय अदानी ग्रीनला विकला. तुमच्या दारात आज चहा प्यायला बसलेला माणूस पाच वर्षांनी त्या कंपनीत नसेल, कदाचित कंपनीही नसेल. म्हणून भाडेपट्टा रीतसर नोंदणी झालेला हवा, आणि कंपनी कोणालाही विकली तरी नव्या मालकावर सगळ्या अटी बंधनकारक राहतील हे त्यात लिहिलेलं हवं. बँकेकडे तारण ठेवायचा असेल तर कंपनीने आपला भाडेहक्क ठेवावा, तुमची मालकी नव्हे. सातबारावर कर्जाचा बोजा चढता कामा नये. मुदत संपल्यावर पत्रे, लोखंड, काँक्रीटचे पाये कोण उचलणार, हेही आत्ताच लिहून घ्या. पायासह जमीन परत मिळाली तर तिच्यात ज्वारी उगवणार नाही.

भाड्याला माप हवं असेल तर राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी 3 टक्के वाढ असा दर ठरवला होता. त्याच्या खाली कोणी बोलत असेल तर का, ते विचारा. आणि आणखी एक विचारा : तुमचा वीजविक्रीचा करार झाला आहे का, कोणाशी, किती मेगावॅटचा? करार नसताना नुसती जमीन अडकवून ठेवणारे असतात. असा माणूस असेल तर इसार घेऊन गप्प बसू नका. ठरावीक महिन्यांत काम सुरू झालं नाही तर पट्टा आपोआप रद्द, अशी ओळ घाला.

मसुदा मिळाला की त्याची प्रत मला पाठवा. नावं झाकून पाठवलीत तरी चालेल. मुदत, वाढ आणि हस्तांतर या तीन कलमांखाली पेन्सिलीने खुणा करून मी परत पाठवते. मग तालुक्याच्या वकिलांना दाखवा, आणि तोवर सही करू नका.