हिरवा, काडीसारखा साप खरंच माणसाचे डोळे फोडतो का?

नाही. तुम्ही लिहिलंय की परसातल्या झाडावर टोकदार नाकाचा, डोळ्यांत आडवी बाहुली असलेला हिरवा साप दिसला आणि घरचे त्याला मारायला निघाले. तो हरणटोळ. अशी आडवी बाहुली महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्या सापाला नसते.

मला हा साप फार आवडतो, तो त्याच्या नजरेमुळेच. बहुतेक सापांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे समोरचं अंतर त्यांना नीट कळत नाही. हरणटोळाच्या डोळ्यांपुढे थेट नाकापर्यंत खोबणी असते. तिच्यातून दोन्ही डोळ्यांना समोरचं एकदम दिसतं, म्हणून पानावरचा सरडा नेमका किती लांब आहे हे त्याला कळतं. दिवसाउजेडी शिकार करतो. जीभ बाहेर ताठ धरून, वाऱ्याने फांदी हलावी तसा डुलत हळूहळू पुढे सरकतो आणि एका झेपेत मान पकडतो. विषाचे दात जबड्यात मागे असल्याने भक्ष्य चावत धरून ठेवावं लागतं. सरडे-बेडकांना ते विष पुरतं; माणसाला फार तर सूज आणि दुखणं.

डोळ्यांची गोष्ट कुठून आली असावी? माझा अंदाज असा : तो आपल्या चेहऱ्याच्या उंचीवर बसतो, डिवचला की अंग फुगवतो, खवल्यांमधली काळी-पांढरी कातडी दाखवतो आणि तोंड वासतो. समोर जो असेल त्याला ते डोळ्यांवरच आल्यासारखं वाटणार.

अंडी घालत नाही, मादी थेट पिल्लांना जन्म देते. पूर्वी भारतातले बहुतेक हिरवे हरणटोळ एकाच जातीचे मानत. २०२० साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतून वेगवेगळ्या जाती दाखवल्या. आपल्या उत्तर सह्याद्रीतल्या जंगलांतला हरणटोळ त्यांतलाच एक, स्वतंत्र जात म्हणून तेव्हाच नोंदला गेला. इतक्या जवळचा प्राणी इतक्या उशिरा नीट ओळखला गेला, याचं मला अजून नवल वाटतं.

एक मात्र लक्षात ठेवा. कोकणात, घाटात चापडा नावाचा सापही हिरवा असतो आणि तो खरा विषारी. डोकं त्रिकोणी, मान बारीक, अंग जाड, बाहुली उभी. नक्की ओळख पटत नसेल तर हात लावू नका, सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर थेट दवाखाना गाठा. झाडावर दिसलेला साप हरणटोळच असेल तर त्याला काहीच करायला नको, तो आपणहून निघून जाईल.